घरातली राहून गेलेली भाषा शिकायचीये? माझ्या कोंकणीवरून सांगते

माझे बाबा सातारचे आणि मम्मा गोव्याची, साष्टीतल्या कुडतरीची, कॅथलिक. मी वाढले पुण्यात. घरात मराठी, शाळेत इंग्लिश, आणि कोंकणी म्हणजे रविवारी संध्याकाळी मम्मा गॅलरीत जाऊन शामायशी फोनवर बोलायची तेव्हा कानावर पडायची तेवढीच. शामाय म्हणजे आजी आणि शापाय म्हणजे आजोबा, आमच्याकडच्या घरांत असंच म्हणतात. आणि मी इथे मुद्दाम अनुस्वार देऊन कोंकणी लिहितेय, कारण नुसतं कोकणी म्हटलं की आपल्याकडे लोकांना रत्नागिरी-मालवण आठवतं.

मला कोंकणी समजते असं मला कायम वाटायचं. शामायशी मी इंग्लिशमध्येच बोलायचे, तिची चार वाक्यं, माझी चार वाक्यं, निभायचं. मग तिला ऐकू कमी यायला लागलं आणि फोनवर माझं इंग्लिश तिला कळेनासं झालं, पण मम्मा कोंकणीत बोलली की अर्धंच ऐकू आलं तरी बाकीचं ती अंदाजाने जोडून घ्यायची. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि तेव्हा शिकायला बसले. आता पाच वर्षं झाली, रोजचं बोलणं जमतं, भांडता अजून येत नाही.

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या घरात आई-वडलांपैकी एकाची भाषा मागे राहून गेलीये. तुमची कानडी असेल, तुळू असेल, सिंधी असेल, किंवा उलटं, तुम्ही बंगळुरूला वाढलात आणि मराठीच राहून गेली असेल. उदाहरणं कोंकणीची देणार कारण मला तीच माहितीये, पण पायऱ्या थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडतील.

पहिली पायरी: भाषा कोणाची शिकायचीये ते ठरवा

मी इथेच चुकले. पुस्तक आणलं, देवनागरीतलं, गोव्यात शाळेत चालतं तसल्या कोंकणीचं. दोन महिने मन लावून केलं आणि फोनवर शामायला तीन वाक्यं म्हणून दाखवली. ती म्हणाली, बरें बरें, आणि पुढे माझ्याशी अशा आवाजात बोलायला लागली जशी ती बँकेतल्या माणसाशी बोलते. पुस्तकात 'म्हाका' होतं, शामाय 'माका' म्हणते. पुस्तकातले निम्मे शब्द तिच्या घरात कोणी वापरतच नाही, आणि तिचे पोर्तुगीजमधून आलेले शब्द पुस्तकात नाहीत, म्हणजे खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, चर्चला इगर्ज.

कोंकणी गोव्यापासून कारवार, मंगळुरू करत पार कोचीपर्यंत बोलली जाते, २०११ च्या जनगणनेत बोलणारे साडेबावीस लाखांच्या आसपास, आणि एवढ्या लोकांत ती देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली जाते. मंगळुरूचं सारस्वत घर आणि साष्टीचं कॅथलिक घर यांची कोंकणी कानाला सुरुवातीला दोन भाषा वाटाव्यात इतकी वेगळी आहे. म्हणून "मी कोंकणी शिकतेय" एवढ्याने भागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर एका माणसाचं नाव लिहा. ज्याच्याशी बोलायचंय त्याचं. पुढे कुठला शब्द बरोबर असा प्रश्न पडला की तो माणूस जे म्हणतो ते बरोबर, विषय संपला. प्रमाणभाषा नंतर शिकता येते आणि घरचं पक्कं असलं की ती भराभर येते, हे मी माझ्यावरून सांगते.

दुसरी पायरी: आधीच काय येतं ते मोजा

क्लास लावायच्या आधी हे करा. घरच्यांचा एक साधा फोन, दहा मिनिटांचा, त्यांना विचारून रेकॉर्ड करा आणि ऐकताना कळलेला प्रत्येक शब्द लिहून काढा. माझे साठ-पासष्ट भरले. आणि यादी नीट बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली की त्यात सगळ्यात जास्त हुकूम होते. यो, बस, जेव, वच, ओगी राव. म्हणजे ये, बस, जेव, जा, गप्प राहा. लहानपणी आपल्याशी मोठी माणसं असंच बोलतात, आणि हुकमाला उत्तर द्यायचं नसतं, उठून तसं करायचं असतं. म्हणून आपल्यासारख्यांना कळतं सगळं आणि तोंडातून काही फुटत नाही. यात तुमची बुद्धी कमी वगैरे काही नाही, तुमच्याकडे उत्तरंच जमा झालेली नाहीत.

मग सुरुवात उत्तरांपासून करा. माझी पहिली यादी एवढीच होती: येतां, वतां, जाय, नाका, जेवण जालें, खबर ना. येते, जाते, हवंय, नको, जेवण झालं, माहीत नाही. याच्या जोडीला चार वाक्यं अशी लागतात जी बोलणं तुटू देत नाहीत:

सवकास उलय – सावकाश बोल
परतून सांग – पुन्हा सांग
हाका कितें म्हणटात? – याला काय म्हणतात?
माका कळ्ळें ना – मला कळलं नाही

ही चार तोंडात बसली की समोरचा माणूस लगेच इंग्लिशवर उडी मारत नाही. तुमच्या भाषेतली हीच चार वाक्यं आज रात्री घरात कोणालातरी विचारून लिहून घ्या.

तिसरी पायरी: लिपीचा प्रश्न लवकर मिटवा

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, शाळेत तीच. पण शामायचं प्रार्थनेचं पुस्तक, लग्नपत्रिका, शापायची पत्रं, सगळं रोमीत, म्हणजे रोमन अक्षरांत. मला ते वाचायला गेलं की इंग्लिशसारखं वाचलं जायचं आणि सगळा घोटाळा. खरं तर नियम अर्ध्या तासाचे आहेत. एक्स दिसला की श वाचायचा, त्यामुळे शीत हा शब्द एक्सने सुरू होतो. झेड म्हणजे बहुतेक वेळा ज. दोन टी म्हणजे ट, दोन डी म्हणजे ड, दोन एल म्हणजे ळ, दोन एन म्हणजे ण. शब्दाच्या शेवटी एम आला तर ओठ मिटायचे नाहीत, तो अनुस्वार आहे, नाकातून सोडायचा. आणि आपण जिथे अ म्हणतो तिथे बऱ्याचदा ओ लिहिलेला असतो, कारण कोंकणीतलं घर हे कानाला घॉर असंच ऐकू येतं.

हे समजलं त्या दिवशी मी शापायचं एक पत्र पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, अर्थ निम्माच लागला, पण आवाज त्याचाच आला.

पुणेकरांना एक सांगते, 'उदेंतेचें साळक' हे कोंकणीतलं पहिलं नियतकालिक १८८९ मध्ये पुण्यात निघालं, तेही रोमीत. मला हे कळलं तेव्हा एवढा आनंद झाला, कारण मला कायम वाटायचं की पुण्यात कोंकणी बोलणारी मम्मा एकटीच आणि आम्ही काहीतरी परकं घरात घेऊन बसलोय.

वाचायला 'वावराड्यांचो इश्ट' हे रोमीतलं साप्ताहिक चांगलं, १९३३ पासून चालू आहे. पण पहिलं वर्षभर तरी घरातल्याच चिठ्ठ्या आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरतात.

चौथी पायरी: मराठीचा आधार घ्या आणि मराठीपासून जपून राहा

मराठी माणसाला कोंकणी शिकताना मोठा फायदा असतो, तो आधी घ्या. आपल्या आ-कारान्त पुल्लिंगी शब्दांचा ओ होतो: घोडा घोडो, आंबा आंबो. आपल्या नपुंसकलिंगी अं चा एं: बरं बरें, केळं केळें. ला च्या जागी क: आईला म्हणजे आवयक, घराला म्हणजे घराक. आहे म्हणजे आसा, नाही म्हणजे ना. एवढ्यावर निम्मी वाक्यं उभी राहतात. शिवाय पोर्तुगीजमधून आलेले बटाटा, पगार, चावी, पाव, घमेलं, हापूस आपल्याकडेही आहेतच.

आता खड्डे. मी सहा-सात वर्षांची असताना कुडतरीच्या तळ्याकाठी शामायने माझा हात धरून पाण्यातल्या पक्ष्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, पळय, पळय! मी हात सोडवून जीव घेऊन पळत सुटले. पळय म्हणजे बघ. तिला काहीतरी भयंकर दिसलं असं मला वाटलं आणि मी सरळ घर गाठलं, आणि ती बिचारी मागून हाका मारत येतेय. जेवायला बसल्यावर ती विचारायची, शीत जाय? जाय म्हणजे हवंय, आणि शीत म्हणजे आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ते एकटं शीत इथे अख्खा भात होऊन बसलंय. नाका म्हणजे नको. सोंपलें म्हणजे संपलं, ते ऐकून मला 'सोपं' वाटायचं. उद्याला फाल्यां म्हणतात. पाणी म्हणजे उदक, आपल्याकडे जो शब्द पूजेच्या वेळी भटजींच्या तोंडी येतो तो तिथे रोज नळाला येतो.

आणि एक गोष्ट जी मला लहानपणी फार लागली होती. शामाय माझ्याबद्दल बोलताना 'तें' म्हणायची. तें आयलें, तें जेवलें. मला वाटायचं ही मला वस्तू समजते, कारण माझा मामेभाऊ मात्र 'तो' होता. शिकायला लागल्यावर मम्माने समजावलं की कोंकणीत लहान मुलीला, तरुण मुलीला नपुंसकलिंगच लावतात, चेडूं हा शब्दच तसा आहे, आणि त्यात माया आहे, आपण नाही का 'माझं बाळ ते' म्हणत. म्हणजे वीस वर्षं मी मनात एक अढी धरून होते आणि ती व्याकरणाची निघाली. तुमच्याही घरात असं काहीतरी सापडेल, सापडलं की लाजू नका, विचारून टाका.

म्हणून एक सवय लावा: शब्द ओळखीचा वाटला तर जास्त सावध व्हा. अनोळखी शब्द आपण विचारतो, ओळखीचा विचारत नाही, आणि चूक तिथेच होते.

पाचवी पायरी: घरात एक कूड करा

शापाय तारवोटी होता, म्हणजे बोटीवर नोकरीला. बोटीवर चढायच्या आधी आणि बोटीवरून उतरल्यावर तो मुंबईत धोबीतलावला कुडीत राहायचा. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत चालवलेली राहायची जागा, खलाशांसाठी, कामाच्या शोधात आलेल्यांसाठी. एक मोठी खोली, भिंतीला लागून पेट्या, एक वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायची, म्हणजे रोजारीची, जपमाळेवरची प्रार्थना. त्या मुंबईत, बाहेर मराठी गुजराती हिंदी इंग्लिश सगळं चालू असताना, दाराच्या आत गावची कोंकणी. मम्मा सांगते की शापाय वर्षातले दहा महिने घराबाहेर असायचा पण त्याची बोली कधी बिघडली नाही ती कुडीमुळे.

मला हे फार पटलं आणि मी तेच केलं. सगळा वेळ कोंकणीत बोलू असं ठरवलं तर तीन दिवसांत मोडतं, बाबा कंटाळतात, मम्मा थकते. त्यापेक्षा एक जागा आणि एक वेळ. आमचं ठरलंय, रात्रीची भांडी आवरताना सिंकपाशी मी आणि मम्मा फक्त कोंकणी. वीस मिनिटं. भांडी रोज असतात त्यामुळे खाडे पडत नाहीत, आणि हात कामात असले की तोंड जरा सैल सुटतं, समोरासमोर बसून "चल आता कोंकणी बोल" म्हटलं की घशाला कोरड पडते. बाबा पाणी प्यायला आले तर त्यांनाही उदक म्हटल्याशिवाय मिळत नाही.

घरात लहान मूल असेल तर ही पायरी सगळ्यात आधी घ्या. पण मुलाला पाहुण्यांसमोर उभं करून बोलून दाखव म्हणू नका, मुलं त्यानेच ती भाषा टाळायला लागतात.

सहावी पायरी: रेसिपी, नाती आणि रेकॉर्डिंग

नाताळाच्या आधी मी आठ दिवस सुट्टी काढून कुडतरीला गेले ते नेवऱ्यो शिकायला. नेवरी म्हणजे आपली करंजी. खोबरं, साखर, वेलची, काजू, बेदाणे. शामायच्या मेजावर पीठ मळून झाकून ठेवलेलं, आणि ती कातणं फिरवत कडा कापतेय, अगदी साताऱ्याची आजी दिवाळीत फिरवते तसंच, मनगट तसंच वळवून. मी तिला मोडक्या कोंकणीत सांगितलं की साताऱ्याची आजी सुद्धा हेच करते. ती थांबली आणि विचारलं, तिकाय येता? तिलाही येतं? मग तासभर तिने मला साताऱ्याच्या आजीबद्दलच प्रश्न विचारले, जे गेल्या तीस वर्षांत तिने कधी विचारले नव्हते, आणि मी एका हाताने सारण भरत उत्तरं देत होते. इतकं सलग मी कोंकणीत त्याआधी कधी बोलले नव्हते.

तर एखादा पदार्थ धरा आणि पूर्ण करा. त्यात क्रियापदं आपोआप येतात, मोजमाप येतं, थांब-घाल-काढ-बघ येतं, आणि लगेच हाताने करून बघता येतं. फोन रेकॉर्डिंगला लावून डब्याच्या मागे ठेवा, पण विचारून. न विचारता केलेलं रेकॉर्डिंग उघडं पडलं तर माणूस परत मोकळं बोलत नाही.

दुसरं रेकॉर्डिंग नात्यांचं करा. जुने फोटो समोर ठेवायचे आणि हा कोण, ही कोणाची कोण, एवढंच विचारायचं. आवय, बापूय, भाव, भयण हे शब्द असे पाठ होतात की विसरायचं नाव नाही. प्रत्येक फाईलला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव द्या, आणि एक कॉपी फोनबाहेर ठेवा. माझी पहिल्या वर्षाची सगळी रेकॉर्डिंग्ज फोन बिघडला तेव्हा गेली, त्यात शापायचा आवाज होता, आणि आता शापाय नाहीये. हे काम आजच करा.

सातवी पायरी: नातेवाईक काय म्हणतील

म्हणतीलच. गोव्यातला एक काका प्रत्येक वाक्यानंतर माझी चूक सुधारायचा आणि सगळे हसायचे, मी सहा महिने त्याच्यासमोर इंग्लिश बोलले. शेवटी मम्माने त्याला सांगितलं की चूक सुधारायची तर वाक्य संपल्यावर आणि एकच. तुमच्या बाजूने बोलणारा एक मोठा माणूस घरात आधी तयार करा, हे फार उपयोगाचं आहे.

"आता या वयात कशाला" हे ऐकू आलं तर थॉमस स्टीफन्स आठवा. हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला तेव्हा तिशीचा होता, साष्टीत राहिला, आणि इथल्या भाषा इतक्या शिकला की १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापलं आणि कोंकणीचं व्याकरण लिहिलं, जे तो गेल्यावर १६४० मध्ये राचोलला छापलं गेलं. त्याच्या घरात तर कोणाची आजीही कोंकणी बोलत नव्हती.

आणि आई-वडलांवर राग धरू नका की तुम्ही आम्हाला शिकवलं का नाही. मी धरला होता. मग कळलं की १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं होतं की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायचं. भाषा गेली नाही, पण ती घरात-शेतात बोलायची, मोठ्या लोकांत नाही, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. मम्माला लहानपणी शाळेच्या आवारात कोंकणी बोलली म्हणून दंड व्हायचा. तिने मला नाही शिकवली ती मला तो दंड बसू नये म्हणून.

साताऱ्याकडून वेगळं वाक्य येतं: कोंकणी म्हणजे आपल्या मराठीचीच बोली की, त्यात काय शिकायचं. बोलणारे प्रेमानेच बोलतात. पण हे वाक्य ऐकलं की शामाय गप्प होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मी एकदाच शांतपणे एवढं सांगितलं आणि वाद वाढवला नाही. जेवणाच्या ताटावर हा वाद घालूच नये.

साताऱ्याच्या आजीला मात्र वेगळीच भीती होती, की पोरगी आता तिकडचीच होणार. तिने बोलून दाखवलं नाही पण कळत होतं. म्हणून वहीची मागची बाजू मी तिच्यासाठी उघडली, कोरड्यास, दुरडी, उतरंड, तिचे असे शब्द जे पुण्यात मी कधीच वापरले नाहीत तेही लिहायला लागले. दोन घरं असतील तर वही दोन्हीकडून भरा, नाहीतर एका बाजूचं माणूस उगाच दुखावतं.

आठवी पायरी: बाहेरची मदत

ही शेवटी, मुद्दाम. गोव्यात आल्त पर्वरीला थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र आहे, तिथे कोंकणीच्या अभ्यासाचं आणि शिकवण्याचं काम चालतं. ऐकायला तियात्र सगळ्यात चांगलं, गोव्याचं हे नाटक खरं सुरू झालं मुंबईत, १८९२ साली, आणि त्यात मधेमधे गाणी असल्यामुळे सलग कळलं नाही तरी धागा सुटत नाही. शामायबरोबर बसून बघा, कारण खरा अभ्यास ती कुठे हसते ते बघण्यात आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ पासून कोंकणी आहे, देवनागरीत. एखादा शब्द बघायला ठीक, पण अख्खं वाक्य त्यातून उचलून आजीला पाठवू नका, ती लगेच ओळखते.

आणि या रविवारी फोन लावाल तेव्हा पहिल्या वेळी तीन मिनिटंच बोला. कशी आसा, जेवण जालें?, आणि आज तिने काय रांधलं ते विचारा. ती बोलायला लागेल, भरभर, कारण तिला फार आनंद झालेला असेल. तेव्हा घाबरून मम्माच्या हातात फोन द्यायचा नाही. म्हणायचं, शामाय, सवकास उलय.